बंद मोटरचा आवाज

बादशहा: परत धर. आन मोबाइल जरा जवळ न्हे.

आसिया: जवळच आहे अब्बा. एक वीत. आवाज रेकॉर्ड करताना प्रत्येक वेळी तेवढंच अंतर ठेवलं होतं आम्ही.

बादशहा: मग मोटरीचा आवाज ऐकून आता काय म्हणतंय तुझं ॲप?

आसिया: बिघाड. त्र्याण्णव टक्के.

बादशहा: काय सांगतीस! काल सांजच्याला माझ्या हातानं बांधलीय ही मोटर. नवी तार, नव्या बेरिंगा, वार्निश रातभर वाळवलंय. हात लावून बघ, गार हाय. आवाज ऐक की. मांजर पोटाशी घिऊन झोपल्यावर घुरघुरतंय, तसा आवाज हाय.

आसिया: मलाही चांगलीच वाटतीय. पण ॲप बिघाड म्हणतंय.

बादशहा: त्येला सांग, कवठे महांकाळच्या बादशहा मुलाणीनं बांधलीय म्हणावं.

आसिया: अब्बा, थट्टा नको आत्ता. बारा वाजता इंटरव्ह्यू आहे आणि साडेदहा होऊन गेलेत.

बादशहा: पर तू चांगली मोटर दावणारच न्हाईस न्हवं? चांगली त्यो कडेगावचा पोरगा दावणार, त्येच्या हिरीवरनं. हितनं तू बिघडल्याली दावणार. तूच बोललीस काल जेवताना.

आसिया: ठरलंय तसंच. पण साहेबांनी मध्येच म्हटलं, शेजारची मोटर दाखव, तर काय करू? म्हणून म्हटलं, चांगल्या मोटरीवर एकदा बघून ठेवावं.

बादशहा: ह्येच्या आधी बघितलं न्हवतंस व्हय?

आसिया: दुकानात नाही. इथं चांगली मोटर थांबते कुठं? तुमचं काम झालं की तासाभरात माणूस येतो आणि गाडीवर टाकून घेऊन जातो.

बादशहा: त्ये बी खरं. ही आकारामची हाय म्हणून ऱ्हायलीय. दुपारी यायचाय त्यो. थांब, ती बारकी घे, घराच्या नळाची. परवाच केलीय. लाव मोबाइल. झाली चालू. बोल.

आसिया: बिघाड. पंच्याण्णव.

बादशहा: मोबाइलच बिघडलाय तुझा.

आसिया: मोबाइलचा काय संबंध? बंद करा. अब्बा, बंद करा ना मोटर, मला विचार करू द्या.

बादशहा: केली की बंद. कवाच केली.

आसिया: अजून बिघाड दाखवतंय. शहाण्णव.

बादशहा: दोन्ही मोटरी बंद हायत गं.

आसिया: हो. दिसतंय मला.

बादशहा: मग ह्ये कुणाला बिघडलंय म्हणतंय?

(आसिया फोन लावते आणि स्पीकरवर ठेवते. पलीकडे कडेगावला, उसाच्या पट्टीतल्या विहिरीवर, प्रोजेक्टमधला तिचा जोडीदार वीरधवल.)

वीरधवल: बोल आसिया. इकडं सगळं रेडी हाय. थ्री फेज लाइट दोनपर्यंत ऱ्हाणार, वायरमनला विचारून घेतलंय. मोबाइल बांधायला दादानं सायकलची ट्यूब दिलीय. रेंज पण दोन काड्या, सकाळपास्नं हलली न्हाई.

आसिया: वीरधवल, ॲप चुकतंय.

वीरधवल: किती?

आसिया: किती म्हणजे काय? पूर्ण चुकतंय. चांगली मोटर लावली तरी बिघाड. मोटर बंद केली तरी बिघाड.

वीरधवल: बंद केल्यावर कशाला लावतीस मग?

आसिया: मुद्दाम नाही लावली! ऐक. आवाज कसलाच नाही इथं, तरी ते शहाण्णव टक्के खात्रीनं बिघाड सांगतंय.

वीरधवल: आवाज कसलाच न्हाई कसा? ते टकटक काय वाजतंय तुझ्याकडं?

आसिया: कसली टकटक?

वीरधवल: अगं, मगाधरनं ऐकतोय. टक. टक. टक. भिंतीवरचं घड्याळ हाय का?

आसिया: घड्याळ बंद आहे दिवाळीपासून. अब्बा, तुम्हाला काही ऐकू येतंय?

बादशहा: मला कायबी येत न्हाई. त्येच्याच फोनात खरखर असंल.

वीरधवल: चाचा, जरा गप्प ऱ्हावा. आसिया, तू पण. हे बघ. टक. आता परत. टक.

आसिया: पंखा.

बादशहा: पंखा? आपला? त्यो कुठं वाजतोय?

आसिया: वाजतोय अब्बा. पातं जाळीला लागतंय एका बाजूला. मला आत्ता ऐकू आलं. माझा जन्म झाला तेव्हापासून वाजत असेल.

बादशहा: त्येच्या आधीपास्नं. तुझ्या दादाजींनी बांधल्याला पंखा हाय त्यो. व्हय की गं. वाजतोय. आयला!

आसिया: अम्मी रोज म्हणते, गावभरचे पंखे गप्प केलेत, आपला तेवढा बोलतोय.

बादशहा: मला वाटायचं, माझ्याबद्दल बोलतीया.

वीरधवल: आसिया, पंख्याचं ऱ्हाऊ दे. ॲपचं बोल.

आसिया: पंख्याचंच आहे बहुतेक. थांब. अब्बा, पंखा बंद करा. केला? आता म्हसवडवाल्यांची मोटर लावा, ती खराब. मी इंटरव्ह्यूत दाखवणार होते ती.

बादशहा: हिला चालू करू का? हिचा रोटर घासतोय. भिंतीपलीकडनं बी कळंल आवाज. कानावर हात ठिव.

वीरधवल: आईशप्पत. मला हितं कडेगावात कळलं. काय म्हणतंय ॲप?

आसिया: चांगली.

वीरधवल: काय?

आसिया: चांगली. अठ्ठ्याऐंशी टक्के. बंद करा अब्बा. बंद करा ती.

वीरधवल: म्हणजे आपण...

आसिया: एकशे चाळीस खराब मोटरींचे आवाज मी इथं घेतले, कारण खराब मोटरी दुकानातच येतात. सगळ्या क्लिपमध्ये हा पंखा. चांगल्या मोटरी तू विहिरींवर जाऊन घेतल्यास, तिथं पंखा नाही. ॲपला मोटर शिकायची गरजच पडली नाही. टकटक असली की बिघाड, नसली की चांगली. एवढंच शिकलं ते.

वीरधवल: पण तपासायच्या क्लिपा आपण वेगळ्या काढून ठेवलेल्या. सत्त्याण्णव टक्के आलेत त्याच्यावर.

आसिया: त्याही त्याच ढिगातल्या. त्यांच्यातही पंखा.

बादशहा: म्हंजे सराव केला त्योच पेपर आला.

आसिया: हो अब्बा. आणि पहिला नंबर आला म्हणून आम्ही पेढे वाटले.

वीरधवल: गाईड सरांनी पण बघितलं की. त्यांच्या ध्यानात न्हाई आलं.

आसिया: सरांनी आकडा बघितला. आवाज कुणी ऐकला? मी तरी एकशे चाळीस क्लिपा कुठं ऐकल्या? नीट कापल्या, नावं दिली, फोल्डरात टाकल्या.

वीरधवल: किती वाजले?

आसिया: दहा पन्नास.

वीरधवल: बरं. मग आता शांतपणे बोलू. आपण ठरवलंय काय? तू दुकानातनं खराब मोटर दाखवणार. पंखा चालू. ॲप म्हणणार बिघाड. मी हिरीवरनं चांगली दाखवणार. पंखा न्हाई. ॲप म्हणणार चांगली. बरोबर?

आसिया: वीरधवल.

वीरधवल: मी काय वेगळं करा म्हणतोय का? जे ठरलंय तेच करायचं. तू हा फोन केलाच नसतास तर हेच झालं असतं.

आसिया: पण केला ना.

वीरधवल: ऐक, मला माहीत न्हाई असं न्हाई. चुकलंय ते. पण दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील? तूच सांग.

आसिया: सगळं परत रेकॉर्ड करावं लागेल. खराब मोटरी विहिरीवर, चांगल्या दुकानात, पंख्यासकट, पंख्याशिवाय. दोन महिने.

वीरधवल: आणि आपल्याकडं एक तास हाय. आपल्या वर्गात चौसष्ट जण. लागले किती? सात. ह्या वर्षी तीन कंपन्या आल्या कॅम्पसला. तिसरीनं लेखी परीक्षा घेतली आणि परत फोनच केला न्हाई. कोड आता मशीनच लिहितंय म्हणतात, नवी पोरं घेऊन काय करायचंय त्यांना? ही एकच कंपनी हाय, जिनं आपले मार्क विचारले न्हाईत. पंपाचे कंट्रोल बॉक्स बनवतात, आपला प्रोजेक्ट बघितला आणि म्हणाले, दोघं पण या. दोघं, आसिया.

आसिया: मला माहीत आहे.

वीरधवल: तुला माझं घर माहीत न्हाई. दादा पण कॉम्प्युटरच शिकला. चार वर्षं. आता बसस्टँडजवळ लोकांचे सातबारे काढतोय आणि पीक विम्याचे फॉर्म भरतोय. त्याच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडलंय आईनं. मला काय म्हणत न्हाई ती. रोज पुसून ठेवतीय फक्त.

आसिया: आणि आमच्याकडं माझ्या भावानं, वसीमभाईनं, ऑफर लेटर लॅमिनेट करून घेतलंय. चौदा महिने झाले, जॉइनिंगची तारीख नाही. मिरजेत पोरांना टायपिंग शिकवतोय. मला भीती नाही वाटत असं समजतोस का तू?

वीरधवल: मग गप्प बस ना! एक तास गप्प बस. जॉइन झाल्यावर आपणच दुरुस्त करू. सहा महिने ट्रेनिंगच असतंय. नवीन क्लिपा घेऊ, रविवारी घेऊ, मी गाडीवर येतो तिकडं.

आसिया: आणि साहेबांनी विचारलं, तपासलं कसं? पहिला प्रश्न तोच असतो.

वीरधवल: जे केलं ते सांगायचं. ऐंशी टक्क्यांवर शिकवलं, वीस टक्क्यांवर तपासलं. एक शब्द खोटा न्हाई त्यात.

आसिया: तेच तर. एक शब्द खोटा नाही आणि सगळं खोटं आहे.

वीरधवल: तुला सांगायचं हाय त्यांना. व्हय ना? सरळ सांग.

आसिया: मी अजून ठरवलं नाही.

वीरधवल: तू एकटी बुडणार न्हाईस त्यात, एवढं ध्यानात ठेव. ठेवतो मी.

बादशहा: ठेवला?

आसिया: ठेवला.

बादशहा: तापल्यालं हाय पोरगं. पर चुकीचं कुठं बोललं?

आसिया: तुम्हीपण?

बादशहा: पंखा चालू केला बघ मी. हितंच बस, वाऱ्याला. पाणी पी. घामानं निथळतीस. बारा वाजता बी पंखा चालूच ऱ्हाणार, उन्हाळ्याचं दिवस हायत, कोण बंद ठेवतंय पंखा? त्यात लबाडी कसली?

आसिया: अब्बा, तुम्ही दुकानात मला पहिल्यांदा काय शिकवलं होतं? मी सातवीत होते.

बादशहा: कवाचं काय काढतीस आता?

आसिया: कॉइलला तार गुंडाळताना टर्न मोजायचे. मोजताना कुणी हाक मारली आणि आकडा विसरला, तर अंदाज करायचा नाही. सगळी तार सोडायची आणि पहिल्यापासून मोजायचं. मी चाळिसावर विसरले होते आणि रडत सोडली होती सगळी.

बादशहा: त्ये तारेचं झालं.

आसिया: वेगळं काय आहे?

बादशहा: वेगळं हाय! तार परत गुंडाळता येतीया. ही कंपनी परत येणार हाय का तुझ्या दारात? चार वर्षं सांगलीला रूमवर ऱ्हाऊन शिकलीस. मामांनी नावं ठेवली, मोहल्ल्यानं ठेवली. पोरीला मशीनं शिकवून काय करणार, दुकानात बसवणार काय? म्या तोंड उघडलं न्हाई. म्हटलं, एक दिवस पुण्याला जाईल आन ह्येंची तोंडं मिटतील. आन आज तू मला तार शिकवतीस?

आसिया: मी शिकवत नाही. मला कळत नाहीये, म्हणून विचारतीय. तुम्ही कधी केलंय का असं? खरं सांगा. चूक कळलीय आणि बोलला नाहीत, असं?

बादशहा: कशाला पायजे तुला?

आसिया: पाहिजे.

बादशहा: ही मोटर कुणाची हाय?

आसिया: आकारामकाकांची.

बादशहा: आठ-नऊ वर्सं झाली. त्येचीच मोटर बांधत हुतो. कुणीतरी हाक मारली आन आकडा चुकला. बावन्न का चौपन्न. म्हटलं, बावन्नच असतील. तार सोडाय हात उचलंना, सांज झाल्याली. जोडली, फिरवली. लय सुरेख फिरली, तुला सांगतो. दुकानात मोटर रिकामीच फिरती गं. पाण्याचं वज्जं न्हाई तिच्यावर. हितं समद्या मोटरी सुरेखच फिरत्यात.

आसिया: मग?

बादशहा: पाण्यावर गेली आन तिसऱ्या दिशी जळली. त्यो घिऊन आला. मी उघडून बघितली, मला कळलं. त्येला म्हटलं, आकाराम, तुमच्याकडं व्होल्टेज कमी हाय. त्यो म्हणला, व्हय, तू म्हणतूस तसंच असंल. फुकट बांधून दिली दुसऱ्यांदा. लय मोठ्या मनाचा हाईस म्हणला मला.

आसिया: सांगितलं नाहीत?

बादशहा: न्हाई. आन दुकान चाललं. बघ, ह्येच सांगतोय तुला. कायबी झालं न्हाई. आभाळ पडलं न्हाई. अजून माझ्याकडंच येतो त्यो. शेजारपाजाऱ्यांना घिऊन येतो. बादशहाचं काम म्हंजे काम, म्हणतो.

आसिया: मग बरंच झालं की.

बादशहा: बरंच झालं.

आसिया: मग तोंड असं का केलंय?

बादशहा: त्यो असं म्हणला की मला चा जात न्हाई. तेवढंच.

आसिया: अब्बा.

बादशहा: तेवढंच गं. तेवढं चालतंय माणसाला. तू माझं बघू नगंस. तू तुझं बघ. मी म्हणतोय पंखा चालू ठिव, बाप म्हणून म्हणतोय. कारागीर म्हणून इचारू नगंस मला.

आसिया: ही कंपनी हे ॲप कंट्रोल बॉक्समध्ये बसवेल. विहिरीवर पंखा नसतो. रोटर घासत असला तरी वर हिरवा दिवा लागेल. आकारामकाका हिरवा दिवा बघून निवांत झोपतील.

बादशहा: आन तू सांगितलंस तर तुला घेतील?

आसिया: नाही घेणार बहुतेक. अचूकता किती, असं विचारतील आणि मला म्हणावं लागेल, माहीत नाही. सत्त्याण्णव लिहिलंय बायोडेटावर, आणि मी म्हणणार माहीत नाही.

बादशहा: फोन वाजतोय बघ तुझा.

आसिया: त्याचाच आहे. हॅलो?

वीरधवल: तो पंख्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठव मला.

आसिया: कशाला?

वीरधवल: पाठव ना. एक मिनिटाचा. मोटर न लावता, नुसता पंखा.

आसिया: करतीय. अब्बा, बोलू नका. झालं. पाठवला.

वीरधवल: आला. आता बघ, आमची मोटर चालू हाय. एकदम चांगली, पाणी पडतंय पाटात. ॲप म्हणतंय चांगली, नव्वद. आता दादाच्या मोबाइलवर तुझा पंखा लावतो. मोटरीच्या शेजारी ठेवला. ऐकू येतोय?

आसिया: येतोय. काय म्हणतंय?

वीरधवल: थांब. बदलतंय. बिघाड. चौऱ्याण्णव.

आसिया: पंखा बंद कर.

वीरधवल: चांगली.

आसिया: परत लाव.

वीरधवल: बिघाड! आयला, दिवा लावल्या-विझवल्यागत होतंय. दादा, बघ की हिकडं. आसिया, आवाज बारीक केला तर बघू का? अगदी बारीक केलाय. तरी बिघाड. मला माझ्या कानानं ऐकू पण येत न्हाई आता, ह्याला येतंय.

आसिया: म्हणजे त्याचे कान चांगले आहेत. आपणच त्याला चुकीचं ऐकवलं.

वीरधवल: व्हय. दुसऱ्या कुणी केलं असतं ना, तर मी हसलो असतो लय.

आसिया: हसलास की आत्ता.

वीरधवल: हसलो व्हय? बरं. किती वाजले?

आसिया: अकरा चाळीस.

वीरधवल: सकाळपास्नं दोनदा उसात जाऊन आलो.

बादशहा: वीरधवल, काय खाल्लंस का न्हाई रं सकाळी?

वीरधवल: न्हाई चाचा. आईनं डबा दिलाय, उघडायची छाती होईना.

बादशहा: खा दोन घास. रिकाम्या पोटानं नगं बसूस साहेबांम्होरं.

वीरधवल: आसिया, ऐक. तू सांगणार हायस, मला कळलंय. मगाशी ठेवला फोन तेव्हाच कळलं होतं. मी न्हाई सांगू शकणार. माझ्या तोंडनं निघायचंच न्हाई ते. तू बोल. मी हितं पंख्याचा आवाज घेऊन उभा ऱ्हातो. त्यांनी म्हटलं दाखव, तर दाखवतो.

आसिया: आणि घेतलं नाही तर?

वीरधवल: तर टेबल पुसून तयार हाय.

आसिया: वीरधवल, सॉरी.

वीरधवल: आत्ता नको. संध्याकाळी लय शिव्या घालणार हाय तुला, तेव्हा म्हण. आणि ऐक, बायोडेटावरचं सत्त्याण्णव आपण दोघांनी मिळून लिहिलंय. तू एकटीनं लिहिलं असं म्हणू नको.

आसिया: नाही म्हणत.

वीरधवल: दादा डबा उघड. दोन घास खातो आणि लिंकवर येतो.

बादशहा: ओढणी नीट कर. कपाळ पूस. ह्या खुर्चीवर बस, ती डुगडुगती. मागं त्या तारांची भेंडोळी दिसत्यात, काढू?

आसिया: राहू द्या. दुकानच आहे, दुकान दिसू दे.

बादशहा: शटर निम्मं वढतो. आकाराम येईल आता, त्येला भाईरच बाकड्यावर बसवतो.

आसिया: त्यांच्याशी काही बोलणार?

बादशहा: चा मागवतो दोघांस्नी. बघू. तू हिकडं बघ.

आसिया: अब्बा, त्यांनी सगळं ऐकून फक्त ओके म्हटलं आणि फोन ठेवला, तर?

बादशहा: तर मी हितंच हाय. शटरच्या पलीकडं.

आसिया: आलं, कनेक्ट होतंय. गुड आफ्टरनून सर. हो सर, आवाज येतोय. मी आसिया मुलाणी, कवठे महांकाळमधून बोलतीय, हे आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान. वीरधवल कडेगावला विहिरीवर आहे, तोही लिंकवर आहे. नाही सर, घाबरले नाही. म्हणजे, थोडी घाबरलीय.

बादशहा: आसिया. हळूच सांग. पंखा बंद करू का चालू ठेवू?

आसिया: चालूच राहू दे अब्बा. सॉरी सर, वडील होते. सर, डेमो सुरू करायच्या आधी एक दाखवू? ही मोटर मी अजून चालू केलेली नाही. तरी ॲप काय म्हणतंय, ते बघा.